घर अख्खं, पातुस एक तृतीयांश

घर घ्यायचं ठरलं तेव्हा खेड्यात जाऊन राहायचं असं काही आमच्या डोक्यात नव्हतं. नवरा फिजाकमध्ये विमानाचे प्रोपेलर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. फिजाक हे दक्षिण फ्रान्समधल्या लॉत जिल्ह्यातलं जेमतेम दहा हजार वस्तीचं जुनं शहर. १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सोडवणारा शांपोलिओं इथलाच. त्याच्या जन्मघराजवळच्या चौकात, ज्या शिळेवरच्या लेखामुळे ते कोडं सुटलं त्या रोझेटा शिळेची अवाढव्य काळी प्रतिकृती जमिनीवर आडवी घातली आहे, तिच्यावरून पोरं पळत असतात. शहर सुरेख, पण आमचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद दगडी आणि मुलगी सहा वर्षांची. बँकेने मंजूर केलेल्या कर्जात शहरात अंगण असलेलं घर बसेना. शेवटी एजंट म्हणाला, "वर कॉसवर बघा. तिथे घरंच घरं आहेत."

कॉस म्हणजे चुनखडीचं पठार. पाऊस पडतो, पण पाणी वर थांबत नाही, भेगांमधून खालच्या गुहांत निघून जातं. त्यामुळे झाडं म्हणजे बुटके ओक, माती हातभर, आणि शेतातून वेचून काढलेल्या दगडांचे, चुना-माती न लावता रचलेले लांबच लांब गडगे. त्यांच्या आत डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या पांढऱ्या मेंढ्या, चष्मा लावल्यासारख्या. एजंटचं "घरंच घरं" खरं होतं आणि त्याला कारणही होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लॉत जिल्ह्यात तीन लाखांच्या घरात माणसं राहत होती. मग फिलॉक्सेराच्या किडीने द्राक्षवेली खाल्ल्या, तरुण शहरांकडे गेले, पहिल्या महायुद्धात आणखी गेले. आज जिल्ह्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. बांधकाम तीन लाखांचं आणि राहणारे पावणेदोन. गावात शिरलात की दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद दिसतात आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं, त्याचा उलगडा या हिशोबात आहे. काही घरं रिकामी, काही पॅरिसवाल्यांची, इंग्रजांची, डचांची, जी जुलैत उघडतात आणि ऑगस्टअखेर मिटतात.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. दोनशेच्या आतल्या वस्तीत कोण कोण ते लगेच ओळखू येतं, आणि मला तिथे राहायचंय.

घर बघताक्षणी मला आवडलं, नवऱ्याला छप्पर बघून धडकी भरली. केर्सी (लॉतच्या या भागाचं जुनं नाव) भागातल्या जुन्या घरांची एक ठरलेली ठेवण असते. तळमजल्यावर कमानीची तळघरासारखी खोली, पूर्वी तिथे मेंढ्या आणि दारूची पिंपं. बाहेरून दगडी जिना चढून वर जायचं. जिन्याच्या डोक्यावर छप्पर घातलेला सज्जा, त्याला बोले म्हणतात, तिथून थेट स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराच्या एका भिंतीत माणूस उभा राहील एवढी चूल, जिच्या आत दोन्ही बाजूंना बसायला बाक. ही कांतू. घरातल्या म्हाताऱ्यांची जागा तिथे, अक्षरशः चुलीत. बाजूला भिंतीच्या पोटात दगडी मोरी असलेली छोटी खोली. भिंती दोन-अडीच फूट जाड. मागच्या मालकाने त्यांतली एक सिमेंटने लिंपली होती आणि तेवढीच भिंत ओलीगच्च होती. जुन्या दगडाला चुनाच लागतो, सिमेंट लावलं की आतला ओलावा आतच कोंडतो, हे पुढे आम्हाला गवंड्याने, सुताराने, टपालवाल्या बाईने आणि दोन शेजाऱ्यांनी स्वतंत्रपणे सांगितलं.

किंमत ठरली आणि मग कळलं की घर एका माणसाचं नाही, पाच वारसांचं आहे. १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेपासून इथे सगळ्या मुलांना वारसाहक्क समान, आणि ठरावीक हिस्सा मुलांना द्यावाच लागतो, बापाने कितीही राग धरला तरी. वाटणी झाली नाही तर मालमत्ता सामाईक राहते आणि विकायला सगळ्यांची सही लागते. आमच्या पाचांतले दोघं फिजाकजवळ, एक तुलूझमध्ये, एक पॅरिसला, एक कॅनडात. त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण घर नव्हतं, घरातलं अक्रोडाच्या लाकडाचं एक कपाट होतं. सांगलीला आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्यासारखंच की गं. कपाट कुणी नेलं?"

कपाट नंतर कुणीच नेलं नाही. ते आमच्याकडे आहे. दरवाजातून बाहेर जाईना.

व्यवहार नोतेरकडे होतो. नोतेर म्हणजे आपल्याकडचा नोटरी नव्हे. हा सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ, घराचा कुठलाही व्यवहार त्याच्याशिवाय पुरा होत नाही. आधी प्राथमिक करार, त्यावर सह्या झाल्या की घेणाऱ्याला दहा दिवस मिळतात, कारण न देता माघार घेता येते. मग पाच ते दहा टक्के अनामत आणि साधारण तीन महिने वाट. या तीन महिन्यांत बँक तिचं काम करते, नोतेर जुने कागद काढतो आणि विकणाऱ्याला तपासण्यांची अख्खी फाईल द्यावी लागते: शिसं, अॅस्बेस्टॉस, वाळवी, घर गरम ठेवायला किती ऊर्जा खातं. गावात सांडपाण्याची नळयोजना नसेल तर सेप्टिक टँकचीही तपासणी होते. आमच्या घराचा शेरा होता, "नियमबाह्य". म्हणजे खरेदीनंतर वर्षभरात नवा टँक बसवणं आमच्यावर. घरासोबत मागचं कुरण होतं, म्हणून शेतजमिनीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेलाही कळवावं लागलं. तिला अग्रहक्क असतो, एखाद्या तरुण शेतकऱ्याला जमीन हवी असेल तर ती मध्ये पडू शकते आणि उत्तर द्यायला तिला दोन महिने मिळतात. आमचं कुरण सगळं दगडांचं. कुणालाच नको होतं. या सगळ्यावर किमतीच्या सात-आठ टक्के आणखी खर्च. लोक त्याला नोतेरची फी म्हणतात, पण त्यातला मोठा भाग कर असतो.

सहीच्या दिवशी नोतेरने खरेदीखत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. तशीच पद्धत आहे. पुण्यात आलियान्समध्ये शिकलेली माझी फ्रेंच निम्म्या वाटेवर दमली. पण एका ओळीला सगळे सावरून बसले: "पातुसचा एक तृतीयांश अविभक्त हिस्सा". आमच्या घरासमोर गवत उगवलेला एक मोकळा तुकडा आहे, मध्ये जुनी पाण्याची टाकी, कडेला भाकरीची भट्टी पडून आहे. हा पातुस. तो तीन घरांचा, कायमचा, वाटणी न होणारा. प्रत्येकाला जाण्यायेण्याचा हक्क, कुणालाही कुंपण घालायचा हक्क नाही. नोतेरने चष्म्यावरून बघत विचारलं, "समजलं ना?" मी हो म्हटलं. कायदा समजला होता.

पातुसाचा व्यवहार मात्र पहिल्या संध्याकाळी समजला. शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, अंगावर निळा एप्रन, बोलेवर उभ्या होत्या. मी जाऊन नमस्कार-चमत्कार केला. इथे "बोंजूर" न म्हणता वाक्य सुरू केलं तर पुढचं कुणी ऐकत नाही. त्यांनी आम्ही कुठले, कुठल्या धर्माचे, काय खातो, यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच:

"गाडी कुठे लावणार?"

मी म्हटलं, चर्चच्या मागे, मोकळ्या जागेत.

"बरं," म्हणाल्या, आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी बोलेच्या पायरीवर सहा अंडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला पालक ठेवलेला होता. मागच्या भाडेकरूने पातुसात गाडी लावली होती आणि ते प्रकरण किती वर्षं चाललं ते आजींनी पुढे सविस्तर सांगितलं. अजून सांगतात.

मग मेरीत गेले, म्हणजे गावच्या पंचायत कचेरीत. दारावर तिरंगी झेंडा, आत फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या मारिआनचा पुतळा, सचिव बाई आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस. बाकीचे दिवस त्या आणखी दोन गावांच्या कचेऱ्या सांभाळतात. फ्रान्समध्ये असे सुमारे पस्तीस हजार कोम्यून, म्हणजे गावपंचायती, आहेत, त्यातल्या निम्म्याहून अधिकांत पाचशेपेक्षा कमी माणसं. १७८९ च्या क्रांतीत, डिसेंबरात, कायदा करून प्रत्येक जुन्या पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, आपापला निवडून दिलेला प्रमुख दिला, ते जाळं अजून फारसं मोडलेलं नाही. आमच्या गावालाही महापौर आहे. हा शब्द मुंबईच्या संदर्भात वाचलेल्यांना हसू येईल. आमचे महापौर मेंढपाळ आहेत. मानधन महिन्याला हजार युरोंच्या आसपास, आणि त्यात लग्नं लावणं (इथे कायद्याने तेच लग्न खरं), जन्ममृत्यूची नोंद, बांधकामाचे अर्ज, रस्त्यावर आडवी पडलेली झाडं, भटके कुत्रे आणि पातुस. माझ्या देखत त्यांनी एका हाताने नोंदवही उघडली आणि दुसऱ्याने फोनवर कुणाला तरी मेंढी कशी वळवायची ते सांगितलं.

आमच्यापेक्षा मुलीला बघून त्यांना आनंद झाला. का, ते तेव्हा कळलं नाही. इथे आसपासच्या तीन गावांनी मिळून एक शाळा वाटून घेतली आहे. लहान मुलं एका गावात, मधली दुसऱ्यात, मोठी तिसऱ्यात, आणि सकाळी बस फिरते. दर हिवाळ्यात शिक्षण खातं पटसंख्या बघून ठरवतं कुठला वर्ग उघडायचा, कुठला बंद करायचा. एक वर्ग गेला की दोन वर्षांत शाळा जाते, शाळा गेली की तरुण कुटुंब येत नाही. त्या वर्षी वर्ग एका मुलावर अडलेला होता. आमची पोरगी पटावर आली. मेंढपाळ महापौरांनी तिला विचारलं, "कोकरं बघायला येशील?" आणि हे आमंत्रण पूर्ण निःस्वार्थी नव्हतं असं मी आजही म्हणते, तेही नाकारत नाहीत.

गावात दुकान एकच. पूर्वी बेकरी होती, ती मालक निवृत्त झाल्यावर बंद पडली. मग कोम्यूनने ती इमारत विकत घेतली आणि एका जोडप्याला चालवायला दिली. तिथे पाव (शेजारच्या गावाहून येतो, आदल्या दिवशी सांगून ठेवायचा), टपालाचं काम, गॅसची टाकी, सिगारेट, कॉफी, शुक्रवारी पिझ्झा. २०२२ मध्ये युनेस्कोने 'बागेत' नावाच्या लांब पावाची कला वारसा म्हणून नोंदली तेव्हा तिथे कुणीतरी म्हणालं, वारसा झाला म्हणजे आता हा पण गेला. दुपारी बारा ते दोन सगळं बंद. चर्चची घंटा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आंजेलुस, म्हणजे प्रार्थनेचे टोल, वाजवते, पण पाद्री क्वचित येतो, त्याच्याकडे बरीच गावं आहेत. चर्चची इमारत कोम्यूनच्या मालकीची आहे. १९०५ च्या कायद्याने धर्म आणि शासन वेगळे झाले, तेव्हाची जुनी चर्चं गावांकडे राहिली. त्यामुळे गळकं चर्च दुरुस्त करायचा खर्च धर्म न मानणाऱ्या महापौरांच्या डोक्यावर. फ्रान्समध्ये हे असंच आहे आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही.

पहिला हिवाळा लाकडात गेला. इथे लाकूड स्तेरमध्ये मोजतात: मीटरभर लांबीची ओंडकी रचून एक घनमीटर. पण तीच ओंडकी अर्ध्या मीटरच्या तुकड्यांत कापली की नीट बसतात आणि एका स्तेरची जागा ०.८ घनमीटरच होते. विकणारा कमी देतोय असं नव्या माणसाला वाटतं. ओक दोन वर्षं वाळलेला हवा, नाहीतर धुराड्यात काजळी साचते. धुराडं वर्षातून एकदा साफ करून त्याचा दाखला ठेवायचा, आग लागली तर विमा कंपनी तोच मागते. आजी रोज सकाळी येऊन आमच्या लाकडाच्या ढिगाकडे बघायच्या आणि जानेवारी पुरेल की नाही यावर मत द्यायच्या. त्यांचा अंदाज आठवड्याचाही चुकला नाही. रात्री रस्त्यावरचे दिवे बंद. केर्सीच्या या पट्ट्यात आकाश देशातल्या सर्वांत काळ्या आकाशांपैकी आहे म्हणतात. दुर्बिणी घेऊन लोक येतात. मला मात्र कचरा टाकायला बॅटरी लागते.

आणि सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर शिकार. शनिवार-रविवारी नारिंगी जॅकेटं घातलेले लोक, गळ्यात घंट्या बांधलेले कुत्रे, रानडुकरांचा हाका. आमच्या कुरणातून शिकारी जाणार म्हणून शिकारमंडळाचे अध्यक्ष आधी भेटायला आले, आणि एका रविवारी दारात रानडुकराची तंगडी घेऊन उभे. दार नवऱ्याने उघडलं. तो जन्मात अंडंही न खाल्लेला माणूस. त्याने दोन्ही हातांनी ती तंगडी घेतली, आभार मानले, आणि तशीच धरून स्वयंपाकघरात माझ्याकडे बघत उभा राहिला. मी कोल्हापुरी पद्धतीने तांबडा रस्सा केला आणि वाटीभर अध्यक्षांकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत आली, आत अक्रोड भरलेले. रश्शाबद्दल चकार शब्द नाही. आठवड्याने दुकानात त्यांच्या बायकोने हळूच विचारलं, "ते रोज असंच खाता?"

ऑक्टोबर मात्र माझा. केर्सीत मध्ययुगापासून केशर होत होतं, मध्ये बंद पडलं, आणि १९९० च्या दशकात काही शेतकऱ्यांनी परत सुरू केलं. काजार्क गावात दर ऑक्टोबरात केशराचा उत्सव असतो. आजींच्या परसात एक वाफा आहे. फूल पहाटे उमलतं, ऊन चढायच्या आत तोडायचं. मग त्यांच्या मेणकापडाच्या टेबलावर जांभळ्या फुलांचा ढीग ओतायचा आणि प्रत्येक फुलातले तीन लाल तंतू नखाने खुडायचे. वर धरून ओढलं तर तुटतात. खाली, जिथे तीनही एकत्र जुळतात आणि रंग पिवळट होतो, तिथे चिमटा घ्यायचा. ग्रॅमभर वाळलेल्या केशराला दीडशे फुलं तरी लागतात. नखं पिवळी होतात आणि दोन दिवस राहतात. आजी खुडताना बोलतात, आणि मध्येच ओक्सितानमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बोलीत, शिरतात. त्यांच्या लहानपणी शाळेत ती भाषा बोललं की शिक्षा होई. मी त्यांना त्याच केशराचं श्रीखंड करून दिलं, इथल्या फ्रोमाज ब्लांला, म्हणजे दह्यासारख्या मऊ चीजला, रात्रभर फडक्यात टांगून. त्यांनी एक चमचा खाल्ला, थांबल्या, दुसरा खाल्ला आणि म्हणाल्या, "साखर जास्त आहे." मग वाटी संपवली.

अकरा नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवशी, सकाळी युद्धस्मारकाजवळ जमायचं. प्रत्येक फ्रेंच गावात हे स्मारक असतं. आमच्या दगडावर १९१४ ते १९१८ ची नावं वाचली की आडनावं परत परत येतात, एकाच घरातले तिघं. खाली १९४४ ची थोडी नावं; फिजाक भागात त्या वर्षी बारा मेला जर्मनांनी घराघरांतून पुरुष उचलून नेले होते. महापौर तिरंगी पट्टा लावून उभे असतात, एकेक नाव घेतलं जातं आणि जमलेले लोक प्रत्येक नावाला म्हणतात, "फ्रान्ससाठी मृत". नावं शाळेतली मुलं वाचतात. आमच्या मुलीच्या वाट्याला दोन आली, आदले चार दिवस ती घरात उच्चार घोकत होती. नंतर वाईनच्या पेल्यावर एका माजी सैनिकाने नवऱ्याला विचारलं, तुमच्याकडचं कुणी होतं का त्या युद्धात? नवऱ्याचं आजोळ साताऱ्याकडचं. त्याने अपशिंगे मिलिटरीबद्दल सांगितलं, जिथून घराघरातले लोक फौजेत गेले, आणि उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकाबद्दल, ज्यावर हिंदुस्थानी सैन्यातली ४,७०० हून अधिक नावं आहेत. त्या गृहस्थांनी ते ठिकाण पाहिलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी ते गाडी घेऊन बघून आले आणि आम्हाला फोटो दाखवायला घरी आले.

खिडक्यांच्या झडपा बदलायच्या होत्या, कुजल्या होत्या. मला निळा रंग हवा होता. बाहेरचं रूप बदलायचं म्हणजे मेरीत अर्ज. आमचं चर्च संरक्षित वास्तू, तिच्या पाचशे मीटरच्या आत घर, म्हणून सरकारी वास्तुतज्ज्ञाचं मत लागणार, महिन्याचे दोन महिने. उत्तर आलं: निळा चालणार नाही, करडा किंवा गडद तपकिरी. मी चिडले. समोरच्या इंग्रजाच्या झडपा निळ्या आहेत! सचिव बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याने विचारलं नाही." आम्ही करड्या लावल्या. आता इतरांच्या झडपांचे रंग मीही बघते.

एवढं सगळं होऊनही आम्ही दीडेक वर्षं "लाकडी जोडेवाल्याच्या घरातले" होतो. आमच्या घरात कधीकाळी लाकडी बूट कोरणारा राहायचा, तो वारून पन्नासहून जास्त वर्षं झाली. लोक वाईट वागत नव्हते. अंडी यायची, हात हलवायचे. पण कुणी घरात बोलावत नव्हतं आणि काही मागतही नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त बोलकी असते हे मला हळूहळू उमगलं. आम्ही भारतीय नागरिक, त्यामुळे पंचायतीच्या निवडणुकीत मत नाही. युरोपीय संघातल्या परदेशी माणसाला असतं, आम्हाला नाही. चर्चशी संबंध नाही. शिकार नाही. राहता राहिली ती उत्सव समिती. १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेली साधी संस्था, तिच्यात नागरिकत्व कुणी विचारत नाही.

जानेवारीत महापौरांचा नववर्षाचा समारंभ होतो, बदामाचा केक कापतात, नवीन आलेल्यांना उभं करून नाव सांगतात. त्याच्या पुढच्या आठवड्यात समितीची वार्षिक सभा. बारा जण, सगळे दमलेले. अध्यक्ष म्हणाले, माणसं मिळाली नाहीत तर यंदा उत्सव नाही. हे ते दरवर्षी म्हणतात असं नंतर कळलं. मी हात वर केला. टाळ्या वगैरे नाहीत. कुणीतरी माझ्या हातात एक यादी दिली.

गावच्या ग्रामसंताच्या दिवसाचा हा उत्सव ऑगस्टात तीन दिवस. बाहेरून बघणाऱ्याला दिवे, नाच, आतषबाजी दिसते. आतून तो कागद असतो. बारसाठी महापौरांकडून तात्पुरता परवाना, वर्षात पाचच मिळतात आणि त्यात बिअर-वाईनच्या वरची दारू चालत नाही. वाजवलेल्या गाण्यांचं शुल्क लेखक-संगीतकारांच्या संस्थेला. विमा. तंबू शेजारच्या गावाकडून, बाकं तिसऱ्या गावाकडून, आणि बदल्यात त्यांच्या उत्सवाला आपला फ्रीजर. वर्गणी गोळा करायची पद्धत मला फार आवडली. तरुण मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, अकॉर्डियन वाजवत, घरोघर फिरतात. दारात एक धून वाजवतात, घरमालक पैसे देतो आणि सगळ्यांना पेला भरून देतो. सकाळी पहिल्या घरी सूर नीट असतात. दुपारपर्यंत ट्रॉली कुठल्या रस्त्याने जाईल सांगता येत नाही, म्हणून ट्रॅक्टर चालवणारा न पिणारा निवडतात. हे काम माझ्या नवऱ्याकडे आलं, एकमताने.

शनिवारच्या जेवणाला तीनशे माणसं, गावाच्या दीडपटीहून जास्त. गेलेल्यांची मुलं-नातवंडं त्या एका रात्रीसाठी येतात. मला खरबुजं कापायला बसवलं. सभागृहात सकाळी सातला आठ बायका, प्रत्येकीची स्वतःची सुरी. अर्धं करायचं, चमच्याने बिया काढायच्या, तिसऱ्या टेबलावर फाका, चौथ्यावर ताटं. बोलणं सगळं गावाचं: कोण आजारी, कुणाचं घर विकतंय, कुठल्या पोराने लग्न न करता मूल होऊ दिलं आणि त्यात काही वाईट नाही पण आजोबांना सांगायचं कुणी. तीन तास मी ऐकत होते, मध्ये मध्ये बोलत होते. मग एक बाई मला म्हणाली, "तुमचं कुरण वापरत नाही ना? माझ्या सुनेला दोन गाढवं ठेवायचीत." गाढवं त्या सोमवारी आली, अजून आहेत. पहिल्यांदा कुणीतरी आमच्याकडे काहीतरी मागितलं होतं.

संध्याकाळी भाजलेलं मेंढीचं मटण, पांढरे घेवडे, रोकामादूरच्या चपट्या बकरी-चीजच्या टिकल्या, टार्ट. नवऱ्यासाठी स्वयंपाक्याने न सांगता भोपळी मिरच्या भरून ठेवल्या होत्या आणि त्यावर चिठ्ठी: "ट्रॅक्टर". पहाटे तीनला कांद्याचं सूप, पाव आणि चीज घातलेलं, चमचा उभा राहील असं. सकाळी नऊला परत सभागृहात, फरशी पुसायला. पुसायला आलेले आठ जण आणि जेवायला आलेले तीनशे, यातला फरक मी त्या सकाळी मोजला आणि मग गावाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. हे सगळं वीसेक माणसांवर चालतं. तीच समितीत, तीच पंचायतीत, तीच शाळेच्या बसजवळ, तीच स्मारकापाशी. त्यातली अर्धी सत्तरीच्या पुढची. २०२५ च्या मे महिन्यात कायदा आला की आता अगदी छोट्या गावातही निवडणुकीला स्त्री-पुरुष आलटून पालटून लावलेली यादी द्यायची, तेव्हा महापौर डोकं धरून बसले. तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता. "बायका आहेत," म्हणाले, "पण त्या सगळ्या आधीच काहीतरी सांभाळतायत." माझ्याकडे बघून थांबले, आणि मग आठवलं त्यांना की मला मतच नाही.

पुढच्या जानेवारीच्या सभेत खजिनदार बाईंनी राजीनामा दिला, गुडघे दुखतात म्हणाल्या. खोलीत सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी जाहीर केलं की लाकडी जोडेवाल्याच्या घरातल्या बाई हिशोबाच्या पक्क्या आहेत असं ऐकतो. कुणाकडून ऐकलं विचारलं तर आजींनी खिडकीबाहेर बघितलं.

तर यंदा जेवणाची तिकिटं माझ्याकडे आहेत. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारनंतर मिळणार नाहीत, ओळख असली तरी. लहान मुलांना अर्ध्या किमतीत. ताट, पेला, सुरी-चमचा ज्याने त्याने घरून आणायचा, आणि गाडी पातुसात लावायची नाही.